दांडिया बाजार ते सूरसागर

गेल्या काही वर्षांपासून आमच्या बडोद्यात एका नव्या तऱ्हेच्या वर्गांची चलती आहे. सकाळी सात-साडेसातच्या सुमारास एखाद्या सोसायटीच्या सभागृहात पंधरा-वीस मंडळी जमतात; त्यांत बहुतेक साठी ओलांडलेल्या स्त्रिया आणि दोन-चार आमच्यासारखे सेवानिवृत्त पुरुष. आरंभी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यावयाचे, मग उभे राहून वा खुर्चीवर बसून मंद ठेक्यावर हात, मान, डोळे व पावले हलवावयाची, त्यानंतर ताडासन, कटिचक्रासन यांसारखी सोपी आसने करावयाची, आणि शेवटी शवासन. या सर्वाला ‘ताणमुक्तीसाठी सजग नृत्य व सौम्य योग’ असे भारदस्त नाव असते. जुन्या वळणाच्या काही मंडळींना यात परदेशी थेर दिसते, तर काहींना म्हातारपणीचा नाच पाहून हसू येते. आम्हांला मात्र या वर्गात बसल्या बसल्या वेगळाच प्रश्न पडला. नृत्य आणि योग या दोहोंची अव्वल दर्जाची विद्या ज्या गावात शतकाहून अधिक काळ नांदते आहे, त्या गावात ती एकत्र यावयास इतका उशीर का लागला?

दांडिया बाजारातील माणिकरावांचा आखाडा आणि सूरसागराच्या काठावरील संगीत महाविद्यालय ही दोन्ही स्थळे बडोदेकरांना सांगावयास नकोत. एकाकडून दुसरीकडे सावकाश चालत जावे तरी फार वेळ लागत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावच्या वाचकांसाठी मात्र थोडा तपशील देणे आवश्यक आहे.

आखाडा मुळात उस्ताद जुम्मादादांचा. त्यांचे शिष्य गजानन यशवंत माणिकराव यांनी तो नावारूपाला आणला. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राजवटीत त्यांना ‘राजरत्न’ ही पदवी मिळाली, आणि मोडलेली-निखळलेली हाडे बसविण्यातील त्यांच्या कौशल्याची ख्याती तर घरोघरी होती. परंतु व्यायामाच्या इतिहासात माणिकरावांचे खरे मोल आहे ते सांघिक व्यायामासाठी. कुस्ती ही दोघांची, दंड-बैठका एकट्याच्या. शंभर मुलांना एकाच वेळी, एका ठेक्यावर, देशी भाषेतील आज्ञांवर व्यायाम कसा द्यावा, याची पद्धती त्यांनी बसविली. त्या काळी शाळांतील कवायत इंग्रजी हुकुमांवर चाले. माणिकरावांनी हिंदी आज्ञा योजल्या. या आखाड्याभोवतीच्या वातावरणातूनच पुढे दत्तात्रेय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ याच नगरीत सिद्ध झाला. मराठी माणसाने गुजराथेत बसून मराठी भाषेसाठी केलेल्या कामांत आम्ही त्याची गणना फार वर करतो.

याच आखाड्यात सन 1907 ते 1910 या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण तालीम घेत होता. त्याचा जन्म 1883 मध्ये बडोदे संस्थानातल्या डभोईचा. जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवून मॅट्रिक झालेला हा बुद्धिमान विद्यार्थी पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून विख्यात झाला. नर्मदाकाठच्या मालसर येथे राहणारे परमहंस माधवदास हे त्यांचे योगगुरू. मालसर आजही वडोदरा जिल्ह्यातच आहे. विशेष असे की, मुंबईजवळ वर्सोवा येथे 1918 मध्ये योगसंस्था काढून संसारी माणसाला झेपेल असा सुटसुटीत योग शिकविणारे श्री योगेंद्र हेही याच माधवदासांचे शिष्य. आज ज्याला ‘सौम्य योग’ म्हणतात, म्हणजे संन्यास न घेता, शरीराला न पिळवटता, आरोग्यासाठी करावयाचा योग, त्याच्या दोन प्रमुख शाखांचे मूळ अशा रीतीने नर्मदेच्या एकाच घाटावर सापडते.

कुवलयानंदांचे वेगळेपण त्यांच्या शंकेखोर वृत्तीत होते. गुरूंनी शिकविलेल्या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हे त्यांना मोजून पाहावयाचे होते. सन 1920-21 च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात उड्डियान व नौली या क्रियांवर प्रयोग केले. क्ष-किरण आणि दाबमापक नळी ही त्यांची साधने. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो असे त्यांना आढळले, आणि या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले व ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. आसन हा स्नायूंना झटके देण्याचा प्रकार नव्हे, त्यात घाई नको, जोर नको, हा आग्रह त्यांच्या लेखनात सर्वत्र आढळतो. पतंजलींनीही आसनाला स्थैर्य आणि सुख या दोनच अटी घातल्या आहेत.

ही झाली दांडिया बाजाराची बाजू. ती आमच्या घरांतून अभिमानाने सांगितली जाते. सूरसागराकडची बाजू तितक्या मोकळेपणाने सांगितली जात नाही, म्हणून तिच्यावर थोडे अधिक थांबावेसे वाटते.

तंजावरवर मराठ्यांचे राज्य 1676 पासून 1855 पर्यंत होते. दुसरे सरफोजी राजे 1798 ते 1832 गादीवर होते, आणि त्यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूने सुरू होऊन जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् अशा क्रमाने तिल्लान्यापर्यंत जातो, तो क्रम या भावांनी घालून दिला. स्वतः सरफोजींनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली. पुढे मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी त्यांचा अभ्यास करून ती पुन्हा रंगमंचावर आणली. दक्षिणेतल्या एका नृत्याचे साहित्य मराठीत असावे, याचे आज नवल वाटते, तेव्हा वाटत नव्हते.

या तंजावरच्या लक्ष्मीबाई 1880 मध्ये सयाजीराव महाराजांशी विवाह होऊन बडोद्यास आल्या आणि चिमणाबाई झाल्या. त्या स्वतः संगीत-नृत्याच्या जाणकार होत्या. त्यांच्याबरोबर तंजावरचा ताफा आला : नर्तकी, वादक, आणि त्या चार भावांच्या घराण्यातील कण्णुस्वामी नट्टुवनार. नर्तकींपैकी गौरा व कांतिमती ही दोन नावे इतिहासाला ठाऊक आहेत. चिमणाबाई महाराणींचे 1885 मध्ये अकाली निधन झाले. परंतु त्यांनी आणलेली विद्या बडोद्यात राहिली. गवई, वादक, नर्तकी यांच्यासाठी संस्थानात ‘कलावंत कारखाना’ नावाचे खातेच होते. आमची सारी हयात सरकारी खात्यांत गेल्यामुळे या नावाची आम्हांला गंमत वाटते. पण ‘कारखाना’ म्हणजे यंत्रांची शाळा नव्हे, तो मराठेशाहीतल्या राज्यकारभाराचा शब्द. शिवकालीन अठरा कारखान्यांत तालीमखाना होता आणि नगारखानाही होता. पहिला शरीराचा, दुसरा नादाचा, आणि दोन्ही एकाच यादीत.

‘तालीम’ हा शब्दच पाहावा. मूळ अरबी अर्थ ‘शिक्षण’. मराठीत मात्र त्याचे दोन अर्थ झाले : कुस्तीचा आखाडा ही तालीम आणि नाटकाची किंवा नृत्याची पूर्वतयारी हीही तालीमच. पैलवान तालमीत जातो आणि नटीही तालमीला जाते. भाषेने जे एकाच शब्दात ठेवले, ते समाजाने दोन वाड्यांत वेगळे केले.

कारणे शोधावयास फार दूर जावे लागत नाही. आखाड्याच्या संस्कृतीत ब्रह्मचर्याला मोठे स्थान. देशकार्यासाठी कणखर तरुण घडवावयाचे ही त्या काळाची निकड. नृत्य करणाऱ्या स्त्रिया मात्र देवदासी वा कलावंतीण म्हणून ओळखल्या जात. मेजवानीनंतर त्यांचे नृत्य पाहणारी प्रतिष्ठित घराणी त्यांना आपल्या माजघरात घेत नसत. मुलगा माणिकरावांच्या आखाड्यात जातो, हे पाहुण्यांना सांगितले जाई. मुलीने पायांत चाळ बांधणे ही कल्पनाच सहन होत नसे. सयाजीरावांनी कलावंतांना पगार दिला, नियम दिले, मौलाबक्षांच्या हाताखाली 1886 मध्ये गायनशाळा काढून सामान्यांच्या मुलांना संगीत दिले. तरीही नृत्य मात्र बराच काळ दरबारातच राहिले. महाराजांच्या हुकमाने पाठशाळा निघतात, मनातील सोवळे सुटत नाही, हा अनुभव महाराजांना अन्य सुधारणांतही आलाच होता.

यातील अन्याय आम्हांला आज अधिक बोचतो तो एका कारणाने. कुवलयानंद आसनांनी शरीर-मनाचा ताण कसा निवळतो हे मोजत होते, त्या सुमारास त्याच शहरात श्वास, दृष्टी, तोल आणि लय यांवर असामान्य हुकमत असलेल्या स्त्रिया राहत होत्या. अर्ध्या बैठकीत तासन्‌तास उभे राहणे, हाताच्या हालचालीमागे नजर व नजरेमागे मन नेणे, तालाच्या एका मात्रेचेही भान न सोडणे, हे अवधान नव्हे तर काय? त्यांच्या नाडीला कोणी हात लावला नाही. त्यांच्या विद्येला ‘व्यायाम’ म्हणावे किंवा ‘साधना’ म्हणावे, असे कोणास सुचले नाही.

सन 1936 हे वर्ष या बाबतीत मोठे मजेदार आहे. त्या वर्षी कुवलयानंदांचे ‘यौगिक संघ व्यायाम’ प्रसिद्ध झाले. आखाड्यातून घेतलेली सामुदायिक शिस्त त्यांनी योगाला जोडली. त्याच वर्षी मद्रासेत रुक्मिणीदेवींनी ती संस्था स्थापन केली, जी पुढे कलाक्षेत्र म्हणून गाजली, आणि घरंदाज मुलींना नृत्याचे दार उघडले. आणि त्याच वर्षी दूर कॅनडात माँट्रिअल येथे हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांचे एक छोटेसे टिपण ‘नेचर’ या नियतकालिकात छापले. आघात कोणताही असो, शरीर एकाच ठराविक रीतीने प्रतिसाद देते, असे त्यात म्हटले होते. तेव्हा त्यांनी त्याला ‘ताण’ म्हटले नव्हते. तो शब्द पुढे रुळला, आणि आता तर तो नातवंडांच्या तोंडीही असतो. योग, नृत्य आणि ताण ही तीन पाने एकाच वर्षात छापली गेली, पण ती एकत्र बांधावयास कोणी नव्हते.

बडोद्यात दार उघडले ते स्वातंत्र्यानंतर. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या. गायनशाळेचे रूपांतर विद्यापीठाच्या महाविद्यालयात झाले व नृत्य हा पदवीचा विषय झाला. तेथे शिकविण्यास जे गुरू होते त्यांत कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर होते. आईची विद्या दरबारी कलावंतिणीची आणि मुलाची विद्या विद्यापीठातील अध्यापकाची, एवढे अंतर एका पिढीत कापले गेले. त्यानंतर आमच्या घरांतील मुली भरतनाट्यम शिकू लागल्या. त्यांच्या आज्यांनी मात्र ते पाहिले, केले नाही.

एकत्र बांधण्याचे काम झाले अमेरिकेत, आणि तेही दोन निरनिराळ्या ठिकाणी. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स इस्पितळात मॅरियन चेस या नर्तकीने 1942 पासून मनोरुग्णांबरोबर नृत्याचे काम केले; शब्द हरवलेली माणसे तालाला प्रतिसाद देतात, हा तिचा अनुभव. त्यातून नृत्योपचार ही शाखा वाढली. पुढे 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांनी गांजलेल्यांसाठी आठ आठवड्यांचा ताणनिवारणाचा पाठ बसविला. त्यात बौद्ध परंपरेतील सजगतेबरोबर सौम्य हठयोगही होता. आज आमच्या सभागृहात येणारा वर्ग हा या दोन प्रवाहांचे मिश्रण आहे. ‘हे सर्व मूळचे आमचेच’ असे म्हणून छाती फुगविण्यात आम्हांला रस नाही. साहित्य आमच्या घरात होते. चेसबाईंनी आणि कबात-झिन यांनी ते रुग्णाच्या खाटेपर्यंत नेले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आता या मिश्रणाचा उपयोग कितपत, हेही पाहावे. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती किंचित मंदावते. परानुकंपी चेतासंस्था कामाला लागते आणि शरीर सावधपणातून विश्रांतीकडे वळते. येथवर शास्त्राची साथ पक्की आहे. योगाभ्यासाने चिंता, उदासीनता थोडी कमी होते, असेही बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे, परंतु ‘थोडी’ हा शब्द वाचकांनी वगळू नये. नृत्याविषयी न्यूयॉर्कमधील 75 वर्षांवरील 469 वृद्धांचा एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शारीरिक करमणुकींपैकी केवळ नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. अर्थात नृत्यामुळे स्मृती टिकली की स्मृती शाबूत असलेलेच नाचत राहिले, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. औषधांच्या गोळ्या बंद करून नाचावयास यावे, असे सांगणारा शिक्षक भेटल्यास त्याला दुरूनच नमस्कार करावा.

दोन्ही एकत्र का, याचे उत्तर आम्हांला वर्गातच मिळाले. नुसते शवासन करावयास सांगितले तर पुष्कळांच्या डोक्यात घरचा हिशेब, मुलाचा फोन, शेजाऱ्याशी झालेली कुरबूर फिरत राहते; शरीर निजलेले आणि मन दांडिया बाजाराच्या गर्दीत. आधी दहा-पंधरा मिनिटे तालावर हात-पाय हलविले, मात्रा मोजल्या, उजवे-डावे सांभाळले, की मनाला भटकण्यास फुरसत राहत नाही. मग स्थिर बसणे सोपे जाते. उलट नुसते नाचून घरी गेले तर धाप राहते, शांती नाही. आमच्या वर्गातील शिक्षिका नृत्याच्या पदवीधर आहेत. त्या ‘तै या तै’ हा पहिला पाठ खुर्चीवर बसवून देतात, कारण अर्धी बैठक साठीच्या गुडघ्यांना मानवत नाही. एका हाताच्या अठ्ठावीस मुद्रांपैकी सात-आठ त्या सांधे आखडलेल्या बोटांसाठी योजतात. मान गोल फिरवू देत नाहीत. काचबिंदू वा वाढता रक्तदाब असलेल्यांना डोके खाली नेण्याची मनाई असते. आणि भिंतीला टेकून उभे राहण्यात कमीपणा नाही, हे त्या रोज सांगतात.

एके दिवशी त्यांनी झिम्म्याच्या टाळ्या मंद लयीत घेतल्या. तोवर मागच्या रांगेत संकोचाने उभ्या असणाऱ्या आमच्या मराठी भगिनी एकदम पुढे आल्या. मंगळागौरीच्या जागरणात पिंगा, फुगडी, कोंबडा, झिम्मा खेळलेली ही शेवटची पिढी. श्रावणातल्या त्या रात्री सासुरवाशिणीला दम लागेपर्यंत खेळण्याची मुभा असे. वाकणे, बसणे, गिरक्या घेणे, फुंकर घालून ठेका धरणे, हे सर्व त्यात होते, आणि मनातले बोलून टाकण्याची सोयही होती. घरंदाज स्त्रीला नृत्य वर्ज्य होते असे आम्ही वर म्हटले खरे. पण तिने ते ‘खेळ’ या नावाखाली चालूच ठेवले होते. नावाला कोणाची हरकत नव्हती. गुजराथी शेजारणींचा शेरी गरबाही तसाच : दोन टाळ्या, तीन टाळ्या, वर्तुळ, दीप. 2023 मध्ये युनेस्कोने गरब्याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. लाखो रुपयांच्या ध्वनियंत्रणेवर धावणारा मैदानी गरबा आणि गल्लीतला संथ गरबा यांत साठीच्या स्त्रीला उपकारक कोणता, हे सांगण्यास युनेस्कोची गरज नाही.

फुगडी मात्र आता कोणी घालू नये. तोल जाण्याचा धोका आहे. झिम्मा, पिंग्याचा संथ ठेका आणि भोंडल्याचा फेर चालेल, आणि त्याला लागूनच ताडासन व दीर्घ श्वास घेता येतील. आमच्या वर्गातील चार भगिनींनी असे दहा खेळ, त्यांचे ठेके व हालचाली यांसह, एका वहीत उतरवून काढावयास घेतले आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव आणि गोव्याकडील खेळांत फरक असणार. तेथील वाचकांनी आपापल्या घरच्या ज्येष्ठ स्त्रियांना विचारून ते पत्रिकेच्या संपादकांकडे पाठवावेत. बडोदेकरांना आणखी एक विनंती आहे. जुन्या वाड्यांतील ट्रंकांमध्ये आखाड्याचे समूहचित्र बहुधा असतेच. त्याच ट्रंकेत तंजावरच्या ताफ्याचे एखादे छायाचित्र, कार्यक्रमपत्रिका किंवा नेमणुकीचा कागद सापडल्यास तो रद्दीत न घालता त्याची प्रत संस्थेच्या ग्रंथालयात द्यावी. मागे नावे लिहिलेली असल्यास तीही उतरवून घ्यावीत.